वासरू, वाफसा आणि ढग

(दृश्य : रात्र. होम मैदान, सोलापूर. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामांच्या, गड्ड्याच्या जत्रेचे दिवे लांबवर.)

मैदानावर बाजरीच्या कडब्याची पेंढी शालू नेसून उभी आहे. ही कुंभारकन्या, सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरणारी कथेतली मुलगी. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, येऊन पोचतात, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा गजर उठतो आणि पेंढीला अग्नी दिला जातो. मग सगळ्यांचे डोळे एका वासराकडे लागतात.

दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू. पुढ्यात गूळ, गाजर, ऊस, धान्य. त्यानं कशाला तोंड लावलं, कशाकडे पाहिलंही नाही, बुजलं की शांत उभं राहिलं, मुतलं की नाही, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगायचा. हीच भाकणूक. सकाळच्या पेपरात ती छापून येते.

आमच्या घरी पेपर आला की आबांचा पहिला प्रश्न तोच असायचा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आबा, वासराला कसं कळतं?" आबा म्हणाले, "वासराला कुठं कळतंय बाळा? सांगणारा वेगळाच हाय."

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, पहाट. पाण्यातल्या मंदिरावर धुकं.)

ज्ञान येतं कुठून? आपल्याकडच्या दर्शनकारांनी या एका प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला. चार्वाक म्हणाले, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं. बौद्धांनी त्याला अनुमानाची जोड दिली. न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानली, त्यात चौथं 'शब्द', म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. मीमांसक तर म्हणाले, वेद कुणी रचलेलेच नाहीत, ते अपौरुषेय आहेत, म्हणून त्यांत चूक असणारच नाही. नैयायिकांना हे पटलं नाही. शब्दाला वजन येतं ते बोलणाऱ्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. जो जाणतो आणि खरं सांगतो तो आप्त, आणि त्याचा शब्द प्रमाण.

मला हे फार जवळचं वाटतं. माझी जन्मतारीख मला आईनं सांगितली म्हणून माहीत आहे. ती मी पाहिलेली नाही, तर्कानं काढलेलीही नाही. तेव्हा ऐकून विश्वास ठेवणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं, असं मी म्हणणार नाही. पण विश्वास कुठवर ठेवायचा?

याचं सगळ्यात धीट उत्तर मला शंकराचार्यांच्या गीताभाष्यात सापडलं. ब्रह्माच्या बाबतीत श्रुतीखेरीज, म्हणजे वेदवचनाखेरीज, दुसरं काही चालत नाही, असं मानणारे हे आचार्य. तेच लिहितात, अग्नी थंड आहे, तो उजेड देत नाही, असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. होम मैदानावरच्या त्या जाळाजवळ उभं राहिलं, चेहऱ्याला झळ लागली, की मला हे वाक्य आठवतं.

(दृश्य : तलावाचा काठ. दगडी पायऱ्या, पाण्याची रेषा.)

हा तलाव एका साक्षात्कारातून आला. बाराव्या शतकातली गोष्ट. गुरं राखणाऱ्या पोराकडे एक जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, आला, त्यानं दहीभात मागितला. पोरगं घरून भात घेऊन आलं तर जंगम नाही. "मल्लय्या, मल्लय्या" म्हणत ते श्रीशैलापर्यंत गेलं, कड्यावरून उडी टाकायला निघालं, तेव्हा मल्लिकार्जुनानं त्याला धरलं आणि गावी परत पाठवलं. तो सिद्धराम. त्यानं या सोन्नलिगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, अडुसष्ट लिंगं स्थापली आणि तळं खोदायला घेतलं.

साक्षात्कार झाला म्हणून पाणी चढावर जात नाही. उतार कुठं, मुरूम कुठं लागतो, सांडवा कुठं काढायचा, हे कुणीतरी उन्हात उभं राहून, हातानं, नजरेनं ठरवलं असणार. तळं खोदणाऱ्या त्या हातांबद्दल मला सिद्धरामांइतकाच आदर आहे.

पुढे शिवशरण संत अल्लमप्रभू इथं आले. कथा सांगते, त्यांनी सिद्धरामांना 'वड्डर' म्हणून हाक मारली, नुसता दगडमाती उपसणारा. ज्याला प्रत्यक्ष देव भेटला त्यालाही कुणीतरी येऊन विचारतं, तुला नक्की काय कळलं? आणि सिद्धरामांनी तो प्रश्न ऐकून घेतला, पुढे बसवण्णांच्या कल्याणची वाट धरली. या मातीतली ही गोष्ट मला देव भेटल्याच्या गोष्टीहून मोठी वाटते.

(दृश्य : आकाश. ढगांखालून जाणारं छोटं विमान.)

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ढग येतात, दिसतात, निघून जातात. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं याच आभाळात प्रयोग केला. एकूण २७६ ढग निवडले. काहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही तसेच ठेवले. कुठल्या ढगात सोडायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, शास्त्रज्ञांच्या मर्जीवर ठेवलं नाही. देवाचा कौल घेतानाही माणूस आपली मर्जी बाजूला ठेवतो. फरक असा की इथं नंतर मोजलं गेलं, आणि प्रयोग फसला असता तर तेही मोजमापातच दिसलं असतं. वाऱ्याच्या दिशेनं सुमारे शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, असा निष्कर्ष निघाला. ढगच नसेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

भाकणुकीचा असा हिशोब कुणी ठेवला का? वर्षानुवर्षांच्या भाकणुकी एका बाजूला आणि पर्जन्यमापकाचे आकडे दुसऱ्या बाजूला, अशी वही कुणी मांडली तर मला ती बघायची आहे. त्यानं सिद्धरामांचा मान कमी होईल असं मला वाटत नाही.

(दृश्य : जून. काळं रान. पहिल्या पावसानंतरची सकाळ.)

आबांनी आयुष्यभर भाकणूक ऐकली. "औंदा पाऊस बरा" असं आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. पण जूनमध्ये शेजारपाजारची पेरणीची पाभर चालू झाली तरी आबा आधी बांधावर जाऊन वाकायचे. वीतभर उकरायचे. मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचे आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचे. गोळा फुटला नाही, नुसता चपटा झाला, म्हणजे माती पेरायला अजून जास्त ओली, मग पाभर दावणीलाच राहायची.

"अजून वाफसा नाही," एवढंच म्हणायचे, आणि हात धोतराला पुसत घराकडे वळायचे.