आधी प्रश्न, मग बटणं

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवून सगळ्यांनी तास घेतले. वेळ निभावायची होती, निभावली. आता तशी घाई नाही. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 2017 पासून सुरू आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला तिथून करू देण्याची मुभा विद्यापीठांना आहे. तिथल्या प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वाध्याय. आपल्या कार्यशाळा मात्र व्हिडिओपाशीच थांबतात. हे दाबा, स्क्रीन दिसेल. ते दाबा, आवाज बंद होईल. बटणं शिकायला हवीतच, पण ती तुमच्याच वर्गातली एखादी चुणचुणीत पोरगी अर्ध्या तासात शिकवेल. म्हणून मी म्हणतो, आधी प्रश्न, मग बटणं.

आता यावर एक हकीकत सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नाही.

आमच्या एका कार्यशाळेत अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सर होते. निवृत्तीला आलेले, फळ्यावरची आकृती रांगोळीसारखी काढणारे. आमचा नियम असा, की प्राध्यापकांनी आधी विद्यार्थी व्हायचं. दुसऱ्या विषयाचा व्हिडिओ मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर बघायचा आणि रात्रीपर्यंत स्वाध्याय पाठवायचा. सरांच्या वाट्याला वनस्पतिशास्त्राचा अख्ख्या तासाचा व्हिडिओ आला. अर्ध्यावर उठून ते चहा करायला गेले. परत आले आणि त्यांनी पुरवठ्याच्या लवचिकतेवरचा, म्हणजे भाव बदलला की विकायला येणारा माल किती कमी-जास्त होतो यावरचा, स्वतःचा लांबलचक व्हिडिओ आठ मिनिटांवर आणला.

मग त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. व्हिडिओ टाकण्याच्या दोन दिवस आधी चर्चेत एक प्रश्न टाकला. ‘गुळाचा भाव पडला, तर गुऱ्हाळवाला गूळ विकायचा थांबतो का? थांबत नसेल, तर का?’

पहिली उत्तरं आली ती गाइडातली. रात्री उशिरा एका मुलीचं उत्तर आलं. पन्हाळ्याच्या बाजूची पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं लिहिलं, ‘काहील उतरली की गूळ वाफ्यात ओततात, रवे भरतात आणि टेम्पो मार्केट यार्डात सौद्याला जातो. पावसाळी हवा लागली की गूळ पाघळतो, काळा पडतो. आमच्याकडे ठेवायला जागा नाही. व्यापाऱ्याकडे शीतगृह आहे. म्हणून भाव पडला तरी आमचे आप्पा विकतात आणि व्यापारी थांबतो.’

श्रोतेहो, पुरवठ्याची लवचिकता साठवणुकीवर अवलंबून असते, हे पुस्तकात एका ओळीत असतं. इथं ते घरातून आलं. त्याखाली पोरांची रांग लागली. एकानं लिहिलं, आडत्याकडून उचल घेतलीय, मग माल अडवून धरणार कसा? दुसरा दुधावर बोलला. तिसऱ्यानं विचारलं, मग गावात शीतगृह झालं तर आप्पा थांबतील का? पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन रेषा काढल्या. आप्पांची जवळजवळ उभी, म्हणजे भाव काहीही असो, माल तेवढाच; व्यापाऱ्याची तिरकी, लांब पसरलेली, म्हणजे भाव पाहून माल कमी-जास्त. एकाच गुळाच्या दोन रेषा. व्हिडिओ पुन्हा केला, तोही त्या मुलीला विचारून, तिच्या उत्तरावरूनच.

एक सांगायला हवं. या कार्यशाळांना बोलावणं जातं ते कायम प्राध्यापकांना. तासिका तत्त्वावर शिकवणारी मंडळी बाहेर राहतात. कितीतरी कॉलेजांत निम्म्याहून जास्त तास तीच घेतात, तुटपुंज्या मानधनात, दोन-दोन कॉलेजं सांभाळून. सेट-नेट झालेली, हुशार माणसं आहेत ही. त्यांना बाहेर ठेवून आपण कुणाला तयार करतोय? भरती रखडते त्याची किंमत मुलं मोजतात, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो.

असो. बाकीचं थोडक्यात. कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर खर्च करा. चित्र अडखळलं तरी मूल टिकतं, आवाज तुटला की उठून जातं. मुलांना कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका. एका खोलीत पाच माणसं राहतात अशी घरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. स्वाध्याय आला की आठवड्याच्या आत दोन ओळी तरी उलट लिहा, नावानिशी. आणि पुन्हा सांगतो, आधी प्रश्न, मग बटणं.

प्राचार्यांना एक विनंती आहे. आठ मिनिटांचा चांगला व्हिडिओ करायला दिवस जातो. चर्चेतली साठ उत्तरं वाचायला संध्याकाळ जाते. हे काम आज कुणाच्या वेळापत्रकात दिसत नाही. नव्या सत्राचं वेळापत्रक लावाल, तेव्हा ऑनलाइन विषय घेणाऱ्याच्या नावापुढं तयारीचे तास मांडा आणि ते कामाच्या तासांत धरा.

नमस्कार.