शंखांची वाडी

(दृश्य : कापणी झालेला कुणगा. मेरेवर पडलेला रिकामा शंख. एक हात तो उचलतो.)

भात कापून झालं की आमच्याकडे कुणग्यांत असे शंख सापडतात. शेतातल्या मोठ्या गोगलगायीचे, उन्हाने पांढरे पडलेले. गेल्या दिवाळीनंतर मी टोपलीभर गोळा केले, उकळले आणि पडवीत वाळत घातले. आईने विचारलं, "ह्येचा काय करतलंस?" म्हटलं, "ह्येच्यात मासे ऱ्हवतले." ती म्हणाली, "आणि भाडां किती घेतलंस?"

(दृश्य : पडवीतली दोन फुटी टाकी. वाळूत अर्धे गाडलेले शंख. एका शंखाच्या तोंडातून डोकावणारा पट्टेरी मासा.)

हेच ते भाडेकरू. नाव नियोलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. एवढं कोण म्हणणार? पाळणारे सगळे 'मल्टी' म्हणतात. आज बोलायचं ते टाकीत याच्यासोबत अजून कुठले मासे ठेवावेत, याबद्दल. नर फार तर साडेचार-पाच सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. सिक्लिड कुळातल्या सगळ्यांत छोट्या माशांपैकी हा एक. आपल्या खाडीतलं कालुंदर याच कुळातलं, पण ते तव्यावर जातं आणि हा शंखात.

मल्टीचं मूळ गाव पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. चार देशांच्या मधे पसरलेलं, सुमारे 670 किलोमीटर लांब आणि 1,470 मीटर खोल. तिथे निओथाउमा नावाची गोगलगाय असते. ती मेली की शंख तळाशी पडतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण तिथलं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि अल्कधर्मी, पीएच नऊच्या आसपास. अशा पाण्यात शंख विरघळत नाही. शंखांचा खच साचत गेला आणि माशांनी त्यात घरं केली.

(दृश्य : जांभ्या दगडाची विहीर. रहाट. कळशीत पडणारं पाणी.)

आता हे आमचं पाणी. जांभ्यातून झिरपलेलं, मऊ, थोडं आम्लधर्मी. चहाला उत्तम. पण यात शंख ठेवला तर तो हळूहळू झिजतो. मल्टीला सोबत कुणाची द्यायची, हा प्रश्न खरं तर इथेच निम्मा सुटतो. ज्या पाण्यात शंख झिजत नाही, त्या पाण्यात राहू शकेल असाच शेजारी हवा.

मला हे उशिरा कळलं. दुकानदार म्हणाला, "सगळे शांत मासे आहेत, बिनधास्त घ्या." मी सहा निऑन टेट्रा आणि दोन कोरी, म्हणजे कोरीडोरस नावाचे तळाशी फिरणारे छोटे मासे, घेऊन आलो. निऑन अ‍ॅमेझॉनकडचा, त्याला आमच्या विहिरीसारखंच मऊ पाणी लागतं. मी मल्टीसाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घातला, खायचा सोडा मोजून टाकत पीएच वर नेला. इकडे मल्टींना रंग चढला, तिकडे निऑन एकेक करून गेले. चूक त्या माशांची नव्हती.

चुऱ्यासाठी शिंपले किनाऱ्यावरचे चालतात, नीट धुऊन. प्रवाळाला मात्र हात लावायचा नाही. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत, किनाऱ्यावर पडलेले दिसले तरी.

(दृश्य : मल्टी तोंडात वाळू भरून शंखामागे टाकतो. पुन्हा. पुन्हा.)

हे बघा. तोंडात वाळू घ्यायची, थोडं पुढे जायचं, थुंकायची. दिवसभर हेच. वाळू बारीक हवी, निदान दोन इंच तरी, कारण शंख पुरायचा असतो आणि भोवती वाळूचा उंचवटा करायचा असतो. आपल्याकडे वाडीभोवती गडगा घालतात, तसा. आणि गडग्यावरून भांडणं कोकणात कुणाला नवी नाहीत.

त्या दोन कोरींचं असंच झालं. कोरी तळाशी हुंगत फिरतात, त्यांना हद्द कळत नाही. एवढासा मल्टी शंखातून सुटायचा, कोरीच्या शेपटीला चावा घ्यायचा आणि परत आत. शेवटी कोरी कोपऱ्यात अंग चोरून बसू लागल्या. त्या मित्राच्या टाकीत गेल्या.

म्हणून तळ पूर्ण मल्टीचा. 'टाकी साफ करतो' म्हणून विकतात तो सकर नको, तो फूटभर वाढतो आणि रात्री शंख उलथून टाकतो. मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड नकोत. तेही आफ्रिकेचेच, दुकानात एकाच टाकीत दिसतात, पण मोठे आणि दांडगे. शंखातच राहणारी दुसरी जातही नको. ऑसेलाटस जास्त भांडकुदळ आणि सिमिलिस इतका जवळचा की संकर होतो. टांगानिकाचाच शेजारी हवा तर ज्युलिडोक्रोमिस आहे. त्याला दगडांच्या कपारी आणि तीन फुटी टाकी द्या. वरच्या पाण्यात थव्याने फिरणारा सायप्रिक्रोमिस सुंदर, पण चार फुटांखाली त्याचा विचारही नको.

(दृश्य : टाकीचा वरचा भाग. आखूड शेपटीचे गप्पी.)

मग दोन फुटांत उरलं कोण? गप्पी. डासांसाठी डबक्यांत सोडतात तेच, आखूड शेपटीचे. जड पाणी त्यांना मानवतं आणि ते वरच फिरतात. फक्त नर घ्यायचे, पाच-सहा, नाहीतर गप्प्यांचीच वाडी होते. लांब झालरीच्या शेपटीचे घेऊ नयेत. ते संथ, आणि मल्टीला शेपूट दिसली की राहवत नाही. माझं मत विचाराल तर गप्पीही नसले तरी चालतं. मल्टी एकटे असले की जास्त मोकळे होतात, टाकीभर दिसतात.

(दृश्य : शंखाच्या तोंडाशी तीन-चार बारीक पिल्लं.)

शिवाय मल्टी आपले शेजारी स्वतःच तयार करतात. मादी शंखात अंडी घालते, पिल्लं मोठी झाली तरी घर सोडत नाहीत. आजी, आई, नातवंडं एकाच अंगणात. मी सहा आणले होते. परवा मोजायला बसलो, सव्विसानंतर गोंधळलो.

(दृश्य : शेजारच्या वाडीतला मुलगा बादली घेऊन पडवीत.)

"काका, सहा द्या. आणि त्यांच्यासोबत अजून काय टाकू?"

"पाणी आणलंस?"

"विहिरीचं."

"ते ओत झाडाला. ह्या टाकीतलं घे."

(दृश्य : शंख पाण्याबाहेर, तोंड खाली करून बादलीवर धरलेला. आधी पाणी गळतं, मग वाळू. मग, जरा वेळाने, मासा.)