दोन वर्षं म्हणजे खरं तर सव्वा वर्ष

मंडळी, आधी एक विचारतो. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, बरेच निघाले. पहिलं वर्ष कुठे केलंत, असं नोकरीत तुम्हाला कधी कुणी विचारलं? मग मुलगी आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला आणि तिथून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणार म्हटल्यावर गणपतीच्या जेवणात आपण विषय का बदलतो?

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या अशाच एका कॉलेजात गणित शिकवतो. त्यामुळे माझं बोलणं थोडं पक्षपाती असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

या वाटेने जाणारी मुलं मागच्या दाराने शिरत नाहीत. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. क्लार्क केर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, अध्यक्ष होते. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के यूसीकडे, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांकडे आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. तिथून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायची वाट मुळातच आखलेली. गंमत म्हणजे त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने, आपल्या सॅन होजेच्याच कॉलेजचा अभ्यास करून, उलटी बाजू मांडली. त्याचं म्हणणं असं, की ही कॉलेजं मोठी स्वप्नं घेऊन आलेल्या मुलांना हळूहळू थंड करतात. तोंडावर ‘नाही’ असं कुणीच म्हणत नाही. सल्ले मिळत जातात, विषय बदलत जातात आणि एक दिवस मुलगा स्वतःच म्हणतो, जाऊ दे.

मी वर्गात दोन्ही प्रकार बघतो. थंड पडणारी मुलं मठ्ठ असतात, असं मला कधी दिसलं नाही. बहुतेकांचं गणित वेळापत्रकात चुकलेलं असतं.

आपण म्हणतो दोन वर्षांचं कॉलेज. यूसीचा अर्ज कधी जातो? दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी हातात ग्रेड असतात पहिल्या वर्षाच्या, फार तर मधल्या उन्हाळ्याच्या. चालू टर्मच्या ग्रेड जानेवारीत कळवायच्या. म्हणजे ‘पहिलं वर्ष रुळण्यात जाऊ दे, दुसऱ्या वर्षी जोर लावू’ हा आपला अकरावी-बारावीचा हिशोब इथे चालत नाही.

आता इंजिनिअरिंगचं बघा. क्युपर्टिनोच्या डी ॲन्झासारख्या क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मच्या, कॉलेजात कॅल्क्युलस चार क्वार्टर चालतं. शिवाय लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्सची वेगळी साखळी, आणि तिची कडी कॅल्क्युलसमध्ये अडकलेली. वर्षात उन्हाळा सोडून क्वार्टर तीनच. कॅल्क्युलसचा एक भाग राहिला, तर नुसता तेवढाच राहत नाही, त्याच्यामागचं फिजिक्सही मागे सरकतं. पुढचा भाग नेमका त्या टर्मला भरलेला निघाला, की वर्ष गेलं. मग कुणी तरी सुचवतं, शेजारच्या कॉलेजात घे. ते कॉलेज सेमिस्टरवालं असतं. तिथे तेच कॅल्क्युलस वेगळ्या तुकड्यांत कापलेलं, म्हणून अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे केलं तर एखादं प्रकरण दोन्हीकडून निसटतं. साखळी सुरू कराल तिथेच संपवा.

आपल्या कॉलेजातला कोणता कोर्स यूसीच्या कोणत्या कॅम्पसला कशाच्या बदली चालतो, हे असिस्ट डॉट ऑर्गवर फुकट बघता येतं. पहिल्या टर्मआधी ते पान उघडा. व्हॉट्सॲपवरच्या काकांना नंतर विचारा.

आता ‘टॅग’, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर आधीच प्रवेशाची हमी देतात. पण हमी एकाच कॅम्पसची, सगळे विषय त्यात नसतात, आणि अर्ज सप्टेंबरमध्येच. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. तरी यूसीएलएला शाळेतून थेट येणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांना प्रवेश मिळतो आणि ट्रान्सफरवाल्यांपैकी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांपैकी, जवळपास चौथ्या हिश्श्याला. हा आकडा सगळ्या विषयांचा मिळून आहे, कॉम्प्युटर सायन्सला लावून नाचू नका.

पैशाचं एका वाक्यात सांगतो. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, ६० युनिट्सचे २,७६०.

आणि वोझ? ॲपलचा वोझ्नियाक डी ॲन्झात शिकून मग बर्कलीला गेला, हे खरं आहे. घरी मुलांना रोज ऐकवू नका, एवढीच विनंती.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलाचं कॅल्क्युलस कसं चाललंय, हे तुम्हाला ईमेलवर विचारलं तर सांगाल का?’ नाही सांगता येणार, ताई. मूल कॉलेजात दाखल झालं, की वय सतरा का असेना, त्याच्या ग्रेडवर कायद्याने त्याचा हक्क. त्याच्या लेखी परवानगीशिवाय मी तोंड उघडू शकत नाही. काउन्सेलरची वेळही त्यालाच घेऊ दे. तुम्ही फार तर गाडीने सोडा आणि पार्किंगमध्ये थांबा.