पॉलिप काढला, पण पुढची तारीख घेतली का?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मोठ्या आतड्यातल्या पॉलिपविषयी (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ), म्हणजे खरं तर पॉलिप काढून झाल्यावर पुढं काय करायचं त्याविषयी, कारण काढायचं काम तसं पटकन होऊन जातं आणि त्यानंतरचंच राहून जातं.

मी इथं कोल्हापुरात एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीनं पोट-आतडं आतून तपासायच्या खोलीत काम करते. दुर्बिणीतून एक बारीक तारेचा फास आत जातो, डॉक्टर तो पॉलिपच्या मुळाशी आवळतात आणि तुकडा सुटून येतो, कधी कधी तर तुरीच्या दाण्याएवढाच असतो. तो आम्ही फॉर्मॅलिनच्या डबीत टाकतो, वर पेशंटचं नाव आणि आतड्याच्या कुठल्या भागातला ते लिहितो आणि डबी लॅबला जाते. बाहेर नातेवाईक विचारतात, "काढलं न्हवं सगळं? मग झालं तर." आणि संध्याकाळच्या एसटीनं माणसं गारगोटीला, चंदगडला निघून जातात. काही दिवसांनी रिपोर्ट येतो आणि न्यायलाच कुणी येत नाही, तो तसाच ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, की तो रिपोर्ट बघितल्याशिवाय तुमची पुढची तारीख ठरूच शकत नाही.

कारण सगळे पॉलिप सारखे नसतात. गुदाशयाजवळचे अगदी बारीक, हायपरप्लास्टिक म्हणतात त्या प्रकारचे पॉलिप असले तर सहसा काळजीचं काही नसतं. अ‍ॅडिनोमा या प्रकारचा निघाला तर मात्र लक्ष ठेवावं लागतं, कारण त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होऊ शकतो, अर्थात त्याला साधारण दहाएक वर्षं लागतात आणि म्हणूनच तर वेळेवर बघून थांबवता येतं. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2020 साली परत दुर्बिणीनं तपासायचं जे अंतर सांगितलंय ते असं, की 10 मिलिमीटरपेक्षा लहान एक किंवा दोन साधे अ‍ॅडिनोमा असतील तर 7 ते 10 वर्षांनी, तीन-चार असतील तर 3 ते 5 वर्षांनी, आणि पाच ते दहा असतील, किंवा एखादा 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, किंवा रिपोर्टमध्ये व्हिलस (बोटांसारखी वाढ) किंवा हाय ग्रेड डिस्प्लेझिया (पेशींत जास्त बिघाड) असे शब्द असतील तर 3 वर्षांनी. दहापेक्षा जास्त निघाले तर वर्षातच. युरोपातले नियम याहून थोडे सैल आहेत, त्यामुळं दोन डॉक्टरांनी थोडी वेगळी वर्षं सांगितली तर लगेच कुणीतरी चुकतंय असं समजू नका.

अजून एक, आणि हे सगळ्यात जास्त चुकवलं जातं. पॉलिप 20 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल आणि तुकड्या-तुकड्यानं काढला असेल तर 6 महिन्यांनीच परत बघायला लागतं, त्याच जागी काही शिल्लक राहिलंय का ते. पेशंटला तोवर एकदम बरं वाटत असतं, दुखत काहीच नाही, मग घरचे म्हणतात कशाला परत ते जुलाबाचं पाणी प्यायचं. अहो, दुखत नाही म्हणूनच बघायला लागतंय.

काहीजण वेटिंगमध्ये एकमेकांचं ऐकून घाबरतात, मेव्हण्याला सात वर्षांनी बोलावलं आणि मला तीनच, म्हणजे माझ्यापासून काही लपवताय का? तसं नसतं ओ, त्यांचा रिपोर्ट वेगळा, तुमचा वेगळा. आणि उलटंही असतं, काहीजणांना भीतीपोटी दरवर्षी करून घ्यायची असते. त्याचीही गरज नाही, कारण तपासणीत आतड्याला छिद्र पडायचा किंवा रक्त जायचा धोका कमी असला तरी शून्य नसतो आणि वय वाढेल तसा तो वाढतो.

आता पोट साफ असण्याविषयी, कारण ही सगळी वर्षं आतडं नीट दिसलं असेल तरच धरायची. घाण राहिली तर चपटे पॉलिप त्याखाली दडून बसतात आणि मग वर्षाच्या आतच परत या म्हणतात. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस पेरू, डाळिंब, टोमॅटो असलं बियांचं बंद, आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक. तांबडा रस्सा तर नाहीच, पण "मग पांढरा चालेल का" असंही विचारतात, तोही नाही, त्यात खोबऱ्याचं दूध असतंय. पावडरीचं पाणी निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, मग पहाटे उठायला लागलं तरी उठा. रक्त पातळ करायच्या, शुगरच्या आणि लोहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा, आपल्या मनानं बंद करू नका.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांनाच विचारा, किती होते, केवढा होता, कुठल्या प्रकारचा, सगळा निघाला का, आणि पुढची तपासणी कुठल्या महिन्यात कुठल्या साली. ते साल फाईलच्या पहिल्या पानावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, रिपोर्टचा फोटो काढा आणि मुलाच्या नाहीतर सुनेच्या मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवा, तीन वर्षांनी भिंतीवरचं कॅलेंडर कुठलं राहतंय.

पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीकधी रक्त जाऊ शकतं, जास्त गेलं, चक्कर आली किंवा पोटात जोरात दुखायला लागलं तर लगेच दवाखाना गाठा. आणि नंतर कधीही शौचातून रक्त, विनाकारण वजन कमी होणं असं काही झालं तर तारखेची वाट बघत बसू नका, मूळव्याध असेल म्हणून घरात औषध घेत बसू नका.

आणि सख्ख्या भावंडांना, मुलांना सांगा. तुमचा अ‍ॅडिनोमा मोठा किंवा हाय ग्रेड निघाला असेल तर त्यांनी वयाच्या 40 पासून, किंवा तुम्हाला ज्या वयात सापडला त्याच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यायचं असतं. तुमच्या रिपोर्टची एक झेरॉक्स त्यांच्याकडंही असू दे, त्यांचे डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील.