कासवाची अंडी औषधात बुडवली, आणि जंतू चिवट झाले

नमस्कार मंडळी! अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बिस्किटाएवढी हिरवी कासवं पाहिली असतील तुम्ही. डोळ्यामागे लाल पट्टा, इवलेसे पाय, आणि मुलं लगेच हट्टाला पेटतात. ही रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेची. आज बोलायचंय त्यांच्या पोटातल्या जंतूंबद्दल.

कासव, इग्वाना, साप, पाल, यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जंतू बिनबोभाट राहतो. प्राणी ठणठणीत असतो. विष्ठेतून जंतू पाण्यात येतो, कवचाला लागतो, मग मुलाच्या हाताला, हातावरून तोंडात. तो रोज बाहेर पडतोच असं नाही. म्हणून एका तपासणीत काही सापडलं नाही, तरी कासव निर्धोक ठरत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कासवांमुळे वर्षाला अंदाजे २,८०,००० लोकांना ही लागण होत होती. त्यात लहान मुलं खूप. १९७५ मध्ये सरकारने चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली. चारच इंच का? त्याहून लहान कासव मूल सरळ तोंडात घालतं! निर्यातीला मात्र मोकळीक राहिली.

आता नीट ऐका. लुइझियाना राज्यात कासवांची मोठमोठी फार्म आहेत. तिथे जंतुमुक्त पिल्लं मिळावीत म्हणून अंडी जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवायला लागले. नुसतं वरून धुऊन भागत नाही, कारण कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत गेलेला असतो. म्हणून दाबाचा किंवा तापमानाचा फरक वापरून औषधही त्याच छिद्रांतून आत ओढून घ्यायचं. कल्पना हुशारीची होती, आणि जंतू कमी झालेही. पण जे मेले नाहीत ते जेंटामायसिनला दाद न देणारे, आणि पुढे वाढले तेच. लुइझियानातून कॅनडात गेलेल्या अंड्यांमध्ये असा साल्मोनेला सापडला, आणि १९९० मध्ये तिथल्या संशोधकांनी ते जगासमोर मांडलं.

मला हे फार गंभीर वाटतं. जेंटामायसिन हे नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर दिलं जाणारं औषध आहे. आणि औषधाला तोंड देण्याची ही ताकद एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

आपल्याकडे कासवाचे डोळे सुजले की टाकीत अँटिबायोटिकची पावडर टाकतात. कृपा करून हे थांबवा. नुसती सुकी कोळंबी खाऊन ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तरी डोळे सुजतात. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर कासव आणूच नका. २००७ मध्ये फ्लोरिडात जेमतेम काही आठवड्यांचं बाळ साल्मोनेलाने गेलं. बाळाच्या शरीरातला जंतू आणि घरातल्या कासवाचा जंतू जुळले होते.

कासव आधीच घरी असेल, तर टाकी स्वयंपाकघरात धुवायची नाही, सिंकमध्ये तर नाहीच. हात लावला की साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. पापा घेणं बंद. कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडायचं नाही, तिथल्या देशी कासवांच्या ते मुळावर येतं.

आणि घरात कुणाला ताप, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या, तर उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. साध्या साल्मोनेलाला बहुतेकदा अँटिबायोटिक लागतच नाही. तान्ह्या बाळांचं, म्हाताऱ्या माणसांचं वेगळं, तिथे लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा: आमच्याकडे कासव आहे.