पाच वाजताची भूक

मंडळी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबद्दल आपल्या गोव्यातल्या घरांत पुष्कळ बोलले जाते. आज कोणते मासे आणायचे हा तर सकाळचा पहिला प्रश्न असतो. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत काय खायचे, याचा विचार मात्र आधीपासून कोणी करत नाही. मुले दीड-दोन वाजता शाळेतून येऊन शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) जेवतात आणि चार वाजता शिकवणीला निघतात. आईवडील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा पणजीच्या कचेरीतून साडेसहाला घरी पोचतात, आणि रात्रीचे जेवण नऊच्या आत क्वचितच होते. मधल्या वेळेत जो डबा हाताला लागेल तो उघडला जातो, आणि त्यात बहुधा बिस्किटे, शेव किंवा फरसाण असते.

चांगल्या खाण्याच्या पाककृती कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. भूक लागल्यावर स्वयंपाकाला सुरुवात करावी लागते, ही खरी अडचण आहे. ज्या पदार्थाचे वेळखाऊ काम आपण झोपलेलो असताना किंवा कामावर असताना आपोआप उरकते, तोच पदार्थ संध्याकाळी दहा मिनिटांत पानात पडतो. भिजणे, मोड येणे, उकडून निवणे ही ती कामे. त्यांना आपला वेळ लागत नाही, फक्त आदल्या रात्री आठवण लागते.

आपल्याकडे ही आठवण राहण्याची सोय आधीच आहे. सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ घरांत मासे नसतात, तेव्हा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची नारळाच्या वाटणातली भाजी) किंवा अळसांद्यांचे, म्हणजे चवळीसारख्या मोठ्या कडधान्याचे, तोणाक (वाटणाचा रस्सा) होते, आणि त्यासाठी आदल्या रात्री कडधान्य भिजत पडतेच. माझी सूचना एवढीच, की त्या रात्री दुप्पट भिजवावे. तोणाकापुरते वेगळे काढून उरलेले कडधान्य थोडे मीठ घालून कुकरमध्ये शिजवावे, निथळून झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावे. ते दोन-तीन दिवस उत्तम राहते. संध्याकाळी त्यातली वाटीभर चवळी, चणे किंवा अळसांदे घेऊन वर कांदा, कोथिंबीर, ओले खोबरे आणि लिंबू घातले, की खाणे तयार. लिंबू केवळ चवीसाठी नाही. कडधान्यांतले लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, आणि ‘क’ जीवनसत्त्व सोबत असले तर ते अधिक शोषले जाते. चहातील टॅनिन नेमके याच्या उलट काम करते. म्हणून मोठ्यांनी उसळीबरोबरच चहाचा कप न घेता तासाभराचे अंतर ठेवावे, हे सांगणे माझे काम आहे, पाळले जाईल याची मला फारशी खात्री नाही. मुगाला मोड आणायचे असतील तर आपल्या दमट हवेत रात्रभर भिजवून दिवसभर फडक्यात बांधणे पुरते, पण याच हवेत जंतूही तितक्याच वेगाने वाढतात. त्यामुळे, विशेषतः पावसाळ्यात, मोड कच्चे न देता पाच-सात मिनिटे वाफवून द्यावेत.

दुसरा आधार फोवांचा, म्हणजे पोह्यांचा. नरकचतुर्दशीच्या सकाळी आपल्या घरांत रोसातले (नारळाच्या दुधातले), दुधातले, ताकातले, दह्यातले, बटाट्याचे असे अनेक तऱ्हांचे फोव एकाच वेळी मांडले जातात, आणि एवढे प्रकार एका सकाळी होऊ शकतात ते फोव शिजवावे लागत नाहीत म्हणूनच. मग वर्षभर आपण फक्त फोडणीच्या पोह्यांवर का थांबतो, हे मला कळत नाही. जाडे फोव धुऊन निथळावेत, त्यात ताक, मीठ, किसलेले आले आणि हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी घालावी. दहा वर्षांचे मूलही ते कालवू शकते, फोडणी तेवढी मोठ्यांनी द्यावी. मात्र फोव म्हणजे शेवटी तांदूळच. ताक-दही किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे यांच्यामुळे त्यांत प्रथिने येतात आणि पोट नऊपर्यंत टिकते.

नाचणीबद्दल आता पुन्हा बरेच बोलले जाते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून तर अधिकच. आपल्या आज्यांना तिझण, म्हणजे नाचणीची गोड पेज, करण्यासाठी कोणत्या वर्षाची गरज नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले सगळे अंगी लागत नाही, कारण फायटेट हा घटक काही भाग अडवून धरतो. नाचणी भिजवून मोड आणले तर हा अडथळा कमी होतो. अशा नाचण्या वाळवून दळून आणाव्यात, म्हणजे रोजचे काम उरते ते दोन-तीन चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून सात-आठ मिनिटे ढवळत शिजवण्याचे. शेवटी नारळाचा रोस किंवा दूध आणि थोडा गूळ. थोडा म्हणजे थोडाच, कारण माडाचा गूळ घातला म्हणून साखर टळली, हा आपला लाडका गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साखरेच्या मर्यादेत गूळ आणि मधही मोजले जातात. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी, एवढीच सूट त्यांत आहे. ताक आणि मीठ घालून नाचणीची आंबील केली तर गुळाचा प्रश्नच उरत नाही.

कणगां (रताळी) सकाळी कुकरमध्ये उकडून ठेवावीत, तवशी (काकड्या) कापून द्यावीत, केळी तर सोलण्याशिवाय काहीच मागत नाहीत. संध्याकाळी पोदेर (पाववाला) येतोच. पोई (कोंडा लावलेला पाव) घ्यावी, पण वर कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणून ती पूर्ण गव्हाची आहे असे धरून चालू नये. पोदेराला सरळ विचारावे. गाड्यावरच्या भाजीपावालाही मी नावे ठेवणार नाही, कारण पातळ भाजीत कडधान्य असते. बिघडते ते तिच्यावरच्या तेलाच्या तवंगाने आणि सोबतच्या मिरचीभजींनी.

पाकिटांचे काय, असे आपण विचाराल. पाकिटाच्या पुढच्या बाजूवरची नाचणीची किंवा ओट्सची चित्रे पाहू नयेत, मागची घटकांची यादी वाचावी. ती यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे. नाचणीच्या म्हणवणाऱ्या बिस्किटांत पहिला घटक मैदा, दुसरा साखर आणि तिसरा पामतेल असेल, तर त्यात नाचणी किती असेल याचा हिशेब वाचणाऱ्याने स्वतः करावा.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, भाजलेले चणे किंवा काजूगर देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्या वाटीतले चणे मऊ शिजवून चुरडावेत, शेंगदाण्यांचे बारीक कूट करून ते दह्यातल्या फोवांत कालवावे, आणि मूल खेळत, धावत असताना त्याच्यामागे घास घेऊन फिरू नये. त्याला बसवूनच भरवावे.