लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

लंडन आणि पॅरिस यांच्यातले सरळ रेषेतले अंतर साधारण ३४४ किलोमीटर आहे. मुंबईहून काढलेली तेवढीच रेघ कोकणात कुडाळच्या आसपास पोहोचेल. आजचे प्रवासी विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडू शकते, तेव्हा हिशेबाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आतच संपायला हवे. तरीही वेळापत्रकात या उड्डाणाला सुमारे सव्वा तास, कधी त्याहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो.

याचे कारण असे की, विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर नेमलेल्या जागी उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ वेळापत्रकात धरलेला असतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोनच धावपट्ट्या असल्याने उड्डाणासाठी रांगेत थांबावे लागते, आणि पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरल्यानंतरही विमानाला जमिनीवरून बरेच चालावे लागते. प्रत्यक्ष हवेतला प्रवास पाऊण तासाच्या आसपासच असतो, आणि त्यातलाही मोठा भाग उंची गाठण्यात आणि खाली येण्यात जात असल्याने विमानाला आपला पूर्ण वेग फार थोडा वेळ वापरता येतो.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते आणि दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यामुळे लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान पॅरिसला १२ वाजून २० मिनिटांनी पोहोचते, तर पॅरिसहून दुपारी १ वाजता निघालेले विमान लंडनला १ वाजून २० मिनिटांनी पोहोचल्याचे दिसते. उड्डाण दोन्ही वेळा तेवढ्याच लांबीचे असते.

या मार्गाचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. २५ ऑगस्ट १९१९ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध थांबून वर्षही झाले नव्हते तेव्हा, आजच्या हीथ्रोजवळच्या हाउन्स्लो हीथवरून एक छोटे विमान पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाकडे निघाले. त्यात एकच प्रवासी होता, सोबत वर्तमानपत्रे आणि थोडा माल होता, आणि प्रवासाला सुमारे अडीच तास लागले. रोजच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेची सुरुवात या उड्डाणाने झाली. त्यानंतर विमानांचा वेग कित्येक पटींनी वाढला, परंतु घरातून निघून मुक्कामी पोहोचण्याचा वेळ त्या प्रमाणात कमी झाला नाही. दोन्ही मोठे विमानतळ शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर किंवा त्याहून दूर आहेत, आणि सुरक्षा तपासणी, पारपत्र व सामान यांचा वेळ वेगळाच असतो.

म्हणूनच १९९४ साली इंग्लिश खाडीखालचा बोगदा सुरू झाल्यावर बरेच प्रवासी रेल्वेकडे वळले. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक ते पॅरिसचे गार द्यू नॉर स्थानक हा लोहमार्ग ४९२ किलोमीटरचा, म्हणजे हवाई अंतरापेक्षा बराच लांब आहे. तरी युरोस्टार गाडी तो सव्वादोन तासांच्या आसपास पार करते आणि शहरातून थेट शहरात नेते. पारपत्राची तपासणीही गाडीत बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे त्यासाठी हाताशी पुरेसा वेळ ठेवून स्थानकावर जावे. आपल्याकडील प्रवाशांना ब्रिटन आणि फ्रान्स ज्यात येतो ते युरोपातले शेंगेन क्षेत्र यांचे व्हिसा वेगवेगळे लागतात, हेही आधीच पाहावे.

ज्यांना पॅरिस शहरातच उतरायचे आहे त्यांनी गाडी घ्यावी, असे माझे मत आहे. शार्ल द गॉलवरूनच पुढचे विमान पकडायचे असेल, तर मात्र लंडनहून विमानानेच जाणे सोयीचे ठरते.